अकरा महिन्यांनंतरचं जीवधन: झॉम्बी कादंबरीतलं पाणी, मीठ आणि आठवण

कातळकोर (प्रश्न)

झॉम्बी कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. साथ दिवाळीनंतर पसरते, बारा माणसं घाटघरहून जुन्नरजवळच्या जीवधन गडावर चढतात आणि शेवटचं प्रकरण पुढच्या दसऱ्याला संपतं. म्हणजे अकरा महिने. मारामारीची प्रकरणं बरी उतरली आहेत. अडतंय ते मधल्या दिवसांत, जेव्हा कुणी चावत नाही, कुणी मरत नाही, माणसं नुसती जगत असतात. जाणकारांनी बिनधास्त चुका काढाव्यात.

१. गडावरचं पाणी बारा जणांना पाऊस येईपर्यंत पुरेल का? खर्ड्यात एकच उघडं टाकं (कातळात कोरलेला हौद) धरलंय, ५ मीटर बाय ४ मीटर, ३ मीटर खोल, काठोकाठ भरलेलं.

२. खाणार काय? सध्या सगळे जण तांदूळ आणि बिस्किटांवर आहेत.

३. माझे झॉम्बी मेलेलेच आहेत, आजारी माणसं नव्हेत. घाटातल्या पावसात ते किती टिकतील?

४. नवव्या प्रकरणात, म्हणजे जुलैत, नायक बंद पंपाच्या टाकीत नळी सोडून तोंडाने पेट्रोल ओढतो आणि मोटरसायकल सुरू करतो. चालेल?

५. आठवणी दाखवायला फ्लॅशबॅक वापरलेत, आणि नायिका सगळ्यांचे फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन फिरते. वाचणाऱ्यांना कंटाळा येतो. आणि आशेची जागा आली की पात्रं भाषण ठोकतात. काय करू?

---

टाकंमोजणी

पाण्याचा हिशेब करून टाकू, बाकी नंतर.

तुमच्या टाक्यात ६०,००० लिटर मावतं. त्यातला खालचा अर्धा मीटर सोडा, तिथे गाळ आणि कुजलेला पाला असतो. राहिलं ५०,०००. माणशी दिवसाला १५ लिटर धरा. आपत्तीच्या वेळी छावण्यांत पिणं, स्वयंपाक, धुणं मिळून किमान एवढं धरतात. बारा जणांचे १८० लिटर.

आता उडून जाणारं पाणी, जे लेखक नेहमी विसरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्या टाक्यातून रोज ४ मिलिमीटरच्या आसपास जातं. २० चौरस मीटरला ते झालं ८० लिटर. मार्चपासून मेपर्यंत ७ मिलिमीटर धरा, म्हणजे १४० लिटर. १ नोव्हेंबरपासून मोजलं तर फेब्रुवारीअखेर ३१,२०० लिटर गेलेले असतात, उरतात १८,८००. पुढे रोजचे ३२० जाणार. एप्रिल संपायच्या आत टाकं रिकामं. जूनच्या दहा तारखेला पाऊस धरला तरी मधले सहा आठवडे कोरडे.

मार्चपासून माणशी ८ लिटरवर आलात तर गाडी वीस मेपर्यंत ढकलता येते. तरीही तीन आठवडे कमीच. कादंबरीसाठी ही चांगली बातमी आहे, कारण उत्तर अशा गडांवरच मिळतं: खांबटाकं. कातळात आत कोरत नेलेलं, छताला मध्ये खांब ठेवलेलं. ऊन-वारा लागत नाही म्हणून पाणी फार कमी उडतं. तुमच्या लोकांनी पहिल्या आठवड्यात समोर दिसतंय म्हणून उघडं टाकं वापरलं असेल तर ते बरोबरच. उघडं आधी संपवायचं, झाकलेलं मागे ठेवायचं. हे माहीत असलेलं एक पात्र ठेवा आणि माहीत नसलेलं एक, भांडण आपोआप होईल.

निर्जंतुकीकरण: ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा डबा असतो. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन. अख्ख्या टाक्यात ती टाकू नका, उन्हाने आणि पाल्याने दोन दिवसांत वाया जाते. १५ ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात कालवा, निवळ द्या, वरचं द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. हे एक टक्क्याचं झालं. २०० लिटरच्या पिंपाला २० मिलिलिटर, पाणी गढूळ असेल तर आधी दोनपदरी धोतरातून गाळून ४० मिलिलिटर. अर्धा तास थांबायचं. लोखंडी डबा चालत नाही, गंजतो आणि क्लोरीनही खातो. उघडलेली पावडर महिन्या-महिन्याला दुबळी होते, मे महिन्यात तेवढ्याच परिणामासाठी दुप्पट लागेल. अंदाज असा: अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा पुसट वास आला पाहिजे.

आणि प्रेत टाक्यात पडण्याचा प्रसंग लिहिणार असाल तर टीसीएलने ते पाणी वाचत नाही. उपसावंच लागतं. १० लिटरच्या बादलीने ६०,००० लिटर म्हणजे सहा हजार बादल्या. आणि उपसून भरायचं कशाने?

---

फिल्टरकाढा

चौथ्याचं उत्तर: नाही चालणार, दोन कारणांनी.

एक, पंपाची टाकी जमिनीखाली असते. नळीने ओढून पेट्रोल वाहतं ते फक्त खालच्या पातळीकडे. खालून वर आपोआप येत नाही, तोंडाने ओढून तर नाहीच, फुप्फुसात वाफ जाऊन नायक तिथेच आडवा. बॅरलवर बसवतात तो हातानं फिरवायचा पंप हवा. तो किसान सेवा केंद्रात किंवा ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिळेल.

दोन, आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, वर हलकं पेट्रोल. उपसताना नेमकं खालचंच येतं. काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवलं की दोन थर स्पष्ट दिसतात. हा सीन पेट्रोल मिळण्यापेक्षा चांगला होईल: बाटली उन्हात धरलेली, आणि मधली रेघ.

डिझेल वर्षभर निघतं, पण पाणी शिरलं तर त्यात शेवाळासारखा चिकट गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. ट्रॅक्टर सुरू होतो, शंभर मीटर जातो आणि बंद पडतो. भयकथेला याहून काय हवं.

स्वयंपाकाचा गॅस मात्र नासत नाही. रबरी नळी आणि रेग्युलेटरचा वॉशर आधी जातो. शेतातले सौर पंपही दिवसा चालत राहतात, त्यांना बॅटरी लागत नाही. पॅनेल पुसायचं, बस. बिघडलं तर बहुधा कंट्रोलर बिघडतो. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या रिकाम्या पडून राहिल्या की सहा महिन्यांत कामातून जातात.

---

निळीमाशी

तिसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे आणि ती जंतूंची नाही, माशीची आहे.

आधी दुसरा पर्याय बाजूला काढू. झॉम्बी म्हणजे जिवंत पण पिसाळलेली माणसं असं धरलंत तर त्यांना पाणी लागतं, पाण्याविना चार-पाच दिवस. अन्नाशिवाय जेमतेम दोन महिने. दसऱ्याला एकही उरत नाही. तुम्ही मेलेले धरलेत, ठीक. पण मग मांस कुजण्याचे नियम लागू होतात. निळी-हिरवी माशी प्रेताचा वास लागला की तासाभरात हजर होते, तोंड, नाक, डोळ्यांचे कोपरे आणि जखमा यांत अंडी घालते. आपल्या हवेत दिवसाच्या आत आळ्या बाहेर. चार-पाच दिवस खाऊन त्या मातीत उतरतात. उघड्यावरचं प्रेत पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत हाडांवर येऊ शकतं. चालण्यासाठी स्नायू आणि कंडरा लागतात, जुलैअखेर त्या शिल्लक नसतात.

म्हणून कथेला एक नियम हवा आणि तो सोपा ठेवा: यांच्यावर माशी बसत नाही. का, ते सांगू नका. पण हा नियम ठेवला की रोजच्या जगण्यात कितीतरी गोष्टी बदलतात. झोपलेला माणूस आणि पडून राहिलेलं प्रेत यांत फरक कसा ओळखायचा? माशा बघायच्या. आजारी म्हातारीच्या तोंडावर माशी घोंघावते आहे आणि सून ती हाकलत नाही, कारण माशी बसते आहे म्हणजे म्हातारी अजून आपली आहे. आणि दसऱ्याच्या सुमारास कुणाला तरी घाटात एक पडलेला दिसतो, त्याच्या ओठावर एक माशी. पात्राने एक शब्दही बोलायची गरज नाही. तुमच्या पाचव्या प्रश्नातली भाषणं तिथेच कापता येतील.

जाता जाता: घाटघरचा माणूस ‘झॉम्बी’ म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात टीव्हीवर ऐकून म्हणेल, मग ‘मढं’ म्हणेल. ‘नाळेत तीन मढी आलीत.’

---

नाचणीभाकर

तांदूळ-बिस्किटं काढा हो. घाटघरच्या बाजूला घरात तांदळाबरोबर नाचणी, वरई, खुरासणी असते. साठवणुकीत नाचणीला तोड नाही. दाणा इतका बारीक आणि टणक की सोंडा-किडा लागत नाही, कणगीत वर्षानुवर्षं राहते. तांदळात पावसाळ्यात पोरकिडे होतात.

हिशेब: माणशी ४०० ग्रॅम नाचणी म्हणजे साधारण १,३०० कॅलरी. उरलेलं कुळीथ, खुरासणीचं तेल, मिळेल ती भाजी यांतून. वर्षाला माणशी दीड क्विंटल, बारा जणांना १८ क्विंटल, पन्नास किलोची ३६ पोती. ही पोती जीवधनवर चढवायची आहेत. वाटेत कोरीव पायऱ्या उद्ध्वस्त झालेला टप्पा आहे, तिथे दोन्ही हात कातळाला लागतात. पाठीवर २० किलोच्या वर जमणार नाही. ९० फेऱ्या झाल्या. खर्ड्यात हे एका वाक्यात उरकलं असेल तर तिथे थांबा, हे एक अख्खं प्रकरण आहे. गडावर धान्यकोठी आहेच, १८१८च्या युद्धात ती जळाल्याचं सांगतात.

पीठ हा पुढचा घोळ. बारा जणांचं रोज पाच किलो पीठ जात्यावर काढायचं म्हणजे दोघींचे दोन-अडीच तास. जातं आवाज करतं, दगडावर दगड, आणि पहाटेच्या शांततेत तो दरीत उतरतो. तुमची मढी आवाजाकडे येत असतील तर दळण कुठे आणि कधी, हा रोजचा निर्णय आहे. जात्याखाली गोणपाटाची चार घड्यांची बैठक, जातं आतल्या खोलीत, दळण वारा सुटतो त्या वेळी. तीन-चार महिन्यांनी तळ्या गुळगुळीत होतात, पीठ भरड आणि गरम निघतं. मग टाकी लावावी लागते: छिन्नी-हातोडीने दोन्ही तळ्यांना बारीक टोचे मारायचे. ते काम येणारं माणूस बारांत नसेल तर भाकरी मोडायला लागतात. पहिलं दळण फेकायचं, त्यात कच असते.

हिरवं काही नसेल तर दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजून रक्त यायला लागतं. जूनमध्ये टाकळा उगवतो, तोवर वाळवलेला आवळा. आणि एप्रिल-मे मध्ये राब भाजणी येणार, म्हणजे पुढच्या पेरणीसाठी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं. मढ्यांना धूर कळत नसेल, पण दूरच्या जिवंत माणसांना नक्की कळेल.

---

ब्राह्मीवाचक

पाचव्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गडाच्या पायथ्याशी कोरलेलं आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी जी लेणी आहे, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, नाणी, सगळं आकड्यांनिशी. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, प्रत्येकीच्या वर नाव. सिमुक, सातकर्णी, नागनिका वगैरे. आज नावं आहेत, मूर्ती गेल्या. काहींचे फक्त पाय उरलेत.

फ्लॅशबॅक कशाला हवेत? तुमची माणसं पावसात त्या लेणीत आडोशाला थांबतील. नाव आहे आणि माणूस नाही, पाय आहेत आणि वर कुणी नाही. बाहेर चालणाऱ्यांचं नेमकं उलटं: माणूस आहे आणि नाव नाही. कुणाला ब्राह्मी यायची गरज नाही. वर नाव कोरलंय एवढं शाळेच्या सहलीत सांगितलेलं असतंच.

माहिती कशी टिकते यावरही खर्डा घाईत दिसतो. नायिका सगळ्यांचे फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन फिरते. वापरात नसलेला पेनड्राइव्ह काही वर्षं टिकेल, पण वाचायला यंत्र कुठलं? घरातली शंभर पानी वही जास्त टिकते, वाळवी आणि ओल यांपासून वाचवली तर. लेखणी पेन्सिलची असू द्या. बॉलपेनाची शाई सावकाश फाकते, शाईपेनाची पाण्यात धुऊन जाते, शिसं तसंच राहतं. आणि वहीलाही न जमणारं काम ओवीने होतं. जात्यावरच्या ओव्यांचं संकलन हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी केलं, तिथे एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत माहेरची वाट, भावाचं नाव, पंढरपूरचा मुक्काम असं सगळं आहे. तुमच्या बायका रोज अडीच तास दळणार आहेतच. त्यांना पाण्याचा नियम ओवीत घालू द्या:

पहिली माझी ओवी गं, खांबटाक्याच्या पाण्याला,
मागं ठेव दोन हंडे, वैशाखाच्या उन्हाला.

टाकंमोजणी यांचा अख्खा हिशेब या दोन ओळींत बसतो. तो हिशेब करणारं पात्र मेलं तरी ओवी राहते. पुढच्या ओवीत त्याचं नाव येईल.

एक मुद्दा राहिला, मीठ. झॉम्बी ही कल्पना मूळची हैतीमधली, गुलामांच्या मळ्यांवरची. तिथला झोंबी माणसं खात नाही. तो मन आणि आठवण काढून घेतलेला, दुसऱ्यासाठी राबणारा माणूस आहे. लोककथेत त्याला कधीही मीठ खायला देत नाहीत. मिठाची चव लागली की त्याला आपण कोण ते आठवतं आणि तो आपल्या थडग्याकडे चालू लागतो. आता आपल्याकडचा ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ हा वाक्प्रचार शेजारी ठेवा. घाटावर मीठ होत नाही. ते कोकणातून वर यायचं, लमाणांच्या बैलांवरून, अशाच घाटवाटांनी. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहेच. तुमच्या माणसांचं मीठ संपलं की त्यांना दोन हजार वर्षांच्या त्याच वाटेने खाली उतरावं लागेल: वैशाखरे, मुरबाड, कल्याण, पुढे उरणकडची मिठागरं. सगळी कादंबरी या एका प्रवासावर उभी राहू शकते.

---

हिशेबी

ब्राह्मीवाचक, वाचायला सुरेख, पण आकडे बसत नाहीत. माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ. बारा जणांचं रोज ६० ग्रॅम, वर्षाचं २२ किलो. जुन्नरच्या एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत याहून जास्त सापडेल. त्यासाठी घाट उतरून, मेलेल्या कल्याणमधून, समुद्रापर्यंत कोण जाईल?

शिवाय समुद्रावर पोचलात तरी मिठागरं सुरू नाहीत. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. २२ किलोसाठी ६३० लिटर आटवायचं. चुलीवर एक लिटर पाणी पूर्ण आटवायला दीड किलोच्या आसपास लाकूड जातं. टनभर जळण झालं.

---

ब्राह्मीवाचक

जळण मान्य, म्हणून तर मीठ उन्हात करतात. मिठागरांचा हंगाम साधारण जानेवारी ते मे. मागच्या हंगामाच्या गवताने शाकारलेल्या राशी राहिल्या तरच काही हाती लागेल, कारण दिवाळीनंतर नवा हंगाम सुरूच झालेला नाही.

२२ किलो हे फक्त माणसांच्या ताटातलं. एका बैलाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतं. चिखलणीसाठी बैलजोडी ठेवली तर वर्षाला आणखी २० किलो. खारवलेलं मांस, लोणचं वेगळं. पण तुमचा मुख्य मुद्दा खरा आहे. पहिल्या वर्षी ते जुन्नरलाच जातील. घाटघरहून तीसेक किलोमीटर, सपाटी, आणि जिथे जिवंत माणसं जास्त होती तिथे मढीही जास्त. पिशव्यांचं मीठ पावसाळ्यात फाटक्या कोपऱ्यातून ओलावा घेऊन पाणी होतं, म्हणून फेरी जूनच्या आधी. कोकणाचा प्रवास दुसऱ्या वर्षाचा.

---

ओळंबा

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली: शेवटचं प्रकरण दसऱ्याला आहे, पण तो दसरा आहे हे त्यांना कळतं कसं? मोबाइल बंद झाले की बहुतेक गट महिन्याभरात एखाद-दोन दिवस चुकतो. आजारपणात कुणी रेघ मारायला विसरतं, कुणी दोनदा मारतं.

तिथी चंद्रावरून धरता येते. शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, पौर्णिमेचा सूर्यास्ताला उगवतो. एक-दीड तिथीच्या चुकीत राहता. अडचण अधिक महिन्याची. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक येतो, २०२३मध्ये श्रावण अधिक होता. पंचांग हाताशी नसेल तर अधिक ज्येष्ठ की निज ज्येष्ठ यावर बारा माणसांत दोन तट पडतील, आणि महिनाभराची चूक म्हणजे पेरणीची चूक.

इंग्रजी तारीख परत मिळवायला एक काठी पुरते. नाणेघाट १९.३ अंश उत्तरेला आहे. शून्य सावलीचा दिवस १७ मेच्या आगेमागे येतो. दुसरा जुलैअखेर, पण तेव्हा ढग असतात. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने नीट उभी करा. दुपारी घड्याळातल्या साडेबाराच्या सुमारास, म्हणजे सावली सर्वांत आखूड होते तेव्हा, टोकाशी खूण. मेच्या मध्याला ती रोज सुमारे ४ मिलिमीटरने आखडते. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कड ९ मिलिमीटर धूसर दिसते, म्हणून एका दिवसाची खूण धरू नका. तुमच्या अंदाजाच्या १० मेपासून रोज मारा आणि त्या सलग रेषेवरून शून्य काढा. चूक एक-दोन दिवसांच्या वर जात नाही. काठी कलती असेल तर मात्र चार-पाच दिवस चुकाल. एक अंश कल म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर.

रोज दुपारी काठीभोवती बारा जण जमतायत, आणि एक दिवस सावली काठीच्या बुडाशी जाऊन नाहीशी होते. भाषण नको.

---

कातळकोर

सर्वांना दंडवत. ठरलं ते असं: उघडं टाकं आधी, खांबटाकं मागे. पेट्रोलचा प्रसंग बाटलीतल्या रेघेवर संपेल. पेनड्राइव्ह गेला, वही आली. माशीचा नियम पहिल्या प्रकरणापासून. मिठासाठी जुन्नर, एप्रिलमध्ये, चौघे जातात आणि तिघे दहा किलो घेऊन परततात.

एकच विचारायचं आहे. परतल्यावर ते मीठ वाटण्याचा प्रसंग हवा आहे. खाण्यापलीकडे असा कुठला उपयोग आहे, ज्यावरून भांडण होईल?

---

नाचणीभाकर

आहे. भाताचं बियाणं.

पेरणीआधी भाताला मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया करतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तीन टक्के. त्यात बी टाकून ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते चाळणीने काढून टाकायचे. तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं, नाहीतर उगवण मार खाते. मग सावलीत चोवीस तास वाळवायचं. एकरी १५ किलोच्या आसपास बी लागतं, तेच पाणी दोन-तीन घाण्यांना चालतं. बी इंद्रायणीचं ठेवा, ते संकरित नाही, घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. दुकानातल्या संकरित पिशवीचं पुढच्या पिढीत काहीही निघतं.

आता तुमचा प्रसंग. मेअखेर, टाकं तळाला, दहा किलोतलं किती उरलंय ते सगळ्यांना माहीत. ३०० ग्रॅम म्हणजे बारा जणांच्या पाच दिवसांच्या भाकरीतलं मीठ. वर धुण्यालाही पाणी लागणार. एक जण म्हणेल, बी तसंच पेरू, उगवेल तेवढं उगवेल. त्याचंही चूक नाही, बरंचसं उगवेल. फक्त पोचट रोपं लावणीत कळत नाहीत, आश्विनात लोंबीत दाणा भरत नाही तेव्हा कळतात, आणि रोगट बियाने करपा पसरला तर शेजारचं खाचरही जातं. मीठ टाकायचं की नाही हे ठरवणारी बाई तीच असू दे जी दळायला बसते.

---

हिशेबी

आणि ते दहा लिटर खारं पाणी? फेकून देणार?

---

नाचणीभाकर

घरचं बी असेल तर नाही फेकणार. फडक्यातून गाळून परातीत उन्हात ठेवायचं. मेच्या उन्हात चार-पाच परातींत दोन दिवसांत आटतं, बियाला चिकटून गेलेलं सोडलं तर बरंचसं परत मिळतं, जरा मळकट. बैलांना चालतं, आमटीलाही चालेल. दुकानातलं बी असेल आणि ते गुलाबी किंवा हिरवट रंगाचं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. मग ते पाणी टाक्यापासून लांब, कातळाच्या उतारावर ओतायचं आणि परात राखेने घासायची. कादंबरीत परात ठेवाच. कुणीतरी बोट लावून चाखणारच.